बारा वाड्यांचं पाणी

कर्जतच्या बाजारपेठेमागे एका अरुंद गल्लीत शैलाताई राहतात. गल्लीत कुणालाही विचारा, "त्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या ना?" असंच म्हणतील. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पुस्तकं दिली आणि घेतली, पावसाळ्यात कपाटांत डांबरगोळ्या ठेवल्या, हातून एक पुस्तक हरवू दिलं नाही. सकाळी तुळशीला पाणी, देवपूजा, विष्णूरावांच्या गोळ्या, मग पावणेदहाला कॉलेज. विष्णूराव म्हणजे त्यांचे यजमान, रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी तनया लग्न होऊन नाशिकला. सरळ रेघेसारखं आयुष्य. म्हणूनच त्यांच्या बाबतीत जे घडलं ते गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

झालं असं. विद्यापीठाने ठरवलं, की पदवीच्या मुलांना संशोधन कसं करावं ते मोबाइलवर शिकवायचं. मुलं प्रकल्प लिहितात म्हणजे इकडून उचलतात आणि तिकडे चिकटवतात, हे शैलाताई वर्षानुवर्षं बघत आलेल्या. त्यांनी अर्ज केला आणि नवल म्हणजे काम त्यांना मिळालं. सहा मॉड्यूल करायची. मॉड्यूल म्हणजे धडाच, पण बघायचा, ऐकायचा आणि शेवटी काहीतरी स्वतः करून पाठवायचं. प्रश्न कसा निवडावा, संदर्भ कसा लिहावा, ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं कसं ठेवावं, लोकांना भेटून मुलाखत कशी घ्यावी. आवाज शैलाताईंचाच. खोलीत तो घुमायचा, म्हणून लाकडी कपाटात गोधड्या टांगून, डोकं आत घालून त्या बोलत. विष्णूराव म्हणत, "कपाटाशी बोलतेस ते ठीक आहे. आतून उत्तर आलं की मला सांग."

सहावा धडा सचोटीचा. त्यातलं एक वाक्य त्यांनी तीनदा रेकॉर्ड केलं होतं, मनासारखं येईपर्यंत. "जिथे आपण गेलो नाही, तिथे गेलो असं लिहू नये."

आणि नेमकं तेच त्यांनी केलं होतं.

चौथ्या धड्यात मुलाखतीसाठी बारा प्रश्नांची यादी होती. विषय होता गावातल्या पाण्याच्या जुन्या जागा. झरे, विहिरी, डोंगरातली टाकी. विद्यापीठाच्या फॉर्मवर एक रकाना होता, ही यादी आधी किती ठिकाणी करून पाहिली? शैलाताईंचा बेत खरोखरच फिरायचा होता. पण ऐन वैशाखात विष्णूरावांच्या छातीत दुखलं, पनवेलच्या दवाखान्यात सतरा दिवस गेले, आणि फॉर्मची तारीख अंगावर आली. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन तालुक्यांच्या नकाशातून बारा वाड्या निवडल्या, काही कर्जतच्या, काही खालापूरच्या, आणि रकान्यात लिहिलं, "बारा वाड्या." पुढे तारखासुद्धा घातल्या. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवसापासून, ओळीने. लिहून झाल्यावर पदराने कपाळ पुसलं आणि मनात म्हणाल्या, देवा, हे बरे झाले की मी जाऊन येईन. विष्णूराव बरे झाले. जाणं राहिलं.

पहिल्या वर्षी अभ्यासक्रम फक्त त्यांच्याच कॉलेजात चालवायचा होता. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी समिती बसणार, शैलाताई तिथे सही करून देणार की फॉर्ममधली सगळी माहिती खरी आहे, आणि मग विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांत हे धडे लागणार, पहिल्या पानावर त्यांचं नाव. अठ्ठावीस वर्षांत इतरांची नावं असलेली पुस्तकं पुसणाऱ्या बाईला त्या नावाचं काय वाटत असेल, ते सांगायला नको.

आश्विनात मुलं मुलाखतींना निघाली. कुणी कुठे जायचं हे ठरवताना शैलाताईंनी हाताशी होती तीच यादी वाटली. त्याच बारा वाड्या.

पहिला अहवाल आला त्यात शेवटी एक ओळ होती. "हे सर्व प्रश्न पूर्वी एक बाई येऊन विचारून गेल्या आहेत असे समजले." शैलाताईंना वाटलं, पाणीपुरवठ्याची कुणी असेल. दुसऱ्या वाडीच्या अहवालातही तेच. तिसऱ्यात तेच. मुलांनी एकमेकांचं उतरवलं, असं धरून त्यांनी लाल शाईने शेरे मारले. मग चौक गावाच्या पुढच्या एका वाडीतलं रेकॉर्डिंग आलं. मालोजी नावाचे म्हातारे बोलत होते. शैलाताई जेवणाच्या सुट्टीत, लायब्ररीच्या खिडकीशी बसून ऐकत होत्या.

"अगं पोरी, हे समदं मागं येका बाईनं इचारलंन. अक्षय तृतीयेच्या बाजूला आली व्हती. चष्मा दोरीचा. डाव्या हातानं लिवत व्हती."

"कोण बाई, आजोबा?"

"आता मला काय ठावं? भर उन्हात उभी. म्हनलं सावलीला ये गं, तर म्हनली, हाय ते बरं हाय. पानी दिलं तर घेतलंन नाय. म्हनली, परत येईन तवा घेईन. आनि जाताना येक जास्तीचं इचारलंन."

"काय?"

"या पान्यात कुनी गेलंय का." मग रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज. "कुनी बोललं नाय आमच्यातलं."

शैलाताईंनी गळ्यातल्या दोरीचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठेवला तो डाव्या हाताने. डावखुऱ्या आहेत त्या; लहानपणी आईने कितीदा चापट मारली तरी हात बदलला नाही.

पण खरी गोम होती त्या शेवटच्या प्रश्नात. तो प्रश्न त्यांच्या कच्च्या वहीत होता, तेरावा. पेन्सिलने लिहिला होता आणि लोकांच्या दुखऱ्या जागेवर असं बोट ठेवू नये म्हणून त्याच दिवशी खोडला होता. कुणाला दाखवला नव्हता. विष्णूरावांनासुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी ती वही खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. रबराने अक्षरं गेली होती, पण पेन्सिलीचा वळ कागदावर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी हर्षला काउंटरवर आली. खालापूरकडच्या वाडीतली मुलगी, दुसऱ्या वर्षाची, बोलायला मोकळी.

"मॅडम, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात आणि मला बोललातसुद्धा नाही. मी तेव्हा मामाकडे होते. आईनं चहा तरी केला असता."

"मी नाही गं आले तुमच्याकडे."

हर्षला हसली. "असं काय करताय? कॉलेजच्या ग्रुपवरचा तुमचा फोटो दाखवला मी आईला. म्हणाली, हीच. आणि मॅडम, आता याच एकदा. आजी पार वैतागली आहे. तुमच्या नावाचा तांब्या ठेवलाय ना."

"माझ्या नावाचा?"

"परत येऊन घेईन म्हणालात ना पाणी. आमच्यात असं कुणी बोलून गेलं, की तांब्या भरून दाराशी ठेवतात, वर वाटी. रोज पाणी बदलायचं, पण तो तांब्या घरात कुणी वापरायचा नाही. ज्याचा त्यानंच सोडवायचा. मोठा पितळी तांब्या तेवढा एकच आहे आमच्याकडे, वैशाखापासून अडकलाय. आजी म्हणते, मास्तरीणबाईला सांग, शिकली-सवरलेली बाई आणि शब्दाला जागत नाही."

शैलाताईंनी पुस्तकावर शिक्का मारला. शिक्का उलटा पडला.

त्या आठवड्यात उरलेले अहवाल आले. अकरा वाड्यांतून तीच बाई, तोच चष्मा, तोच डावा हात. शैलाताईंनी मुलांनी लिहिलेल्या आठवणी फॉर्ममधल्या तारखांशी लावून पाहिल्या. गावोगाव लोकांनी सण-वारावरून दिवस सांगितले होते, आणि एकही तारीख चुकत नव्हती. बाराव्या वाडीचा अहवाल आलाच नाही. ती रेल्वेच्या घाटाच्या लाइनीवर, ठाकुरवाडीच्या थांब्याच्या वर डोंगरात. ज्या मुलाला दिली होती तो अर्ध्या वाटेतून परत आला. ऊन लागलं म्हणाला. शैलाताईंनी त्याला जास्त विचारलं नाही.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी चहा घेताना त्यांनी विष्णूरावांना सगळं सांगितलं. फॉर्मचंही. विष्णूरावांनी चहा बशीत ओतला.

"अगं, एक विचारू? दवाखान्यात तू दुपारी कुठे जायचीस?"

"अहो, कुठे जाणार? तुमच्या उशाशी तर बसलेली असायची, स्टुलावर."

"बसलेली असायचीस. पण हाक मारली तर ओ देत नव्हतीस. डोळे उघडे. मला वाटायचं, जागरणाने होत असेल." त्यांनी बशी खाली ठेवली. "ती झाडूवाली एकदा तुला बोलली, आठवतं? स्टुलाखाली तांबडी माती कुठून येते म्हणून."

शैलाताईंना आठवत नव्हतं. मग विष्णूरावच म्हणाले, आणि म्हणाले ते अगदी कारखान्यातल्या सुपरवायझरसारखं, "एका अर्थी तुझं कामच झालं. समितीला कुणालाही विचारू दे, वाड्या-वाड्यांतली माणसं सांगतील, बाई आली होती. तू खोटं लिहिलंस, पण ते आता खोटं राहिलं नाही. डोळे मिटून सही कर."

खरं सांगायचं तर हाच विचार शैलाताईंच्या मनात आधी येऊन गेला होता. साक्षीदार होते, तारखा जुळत होत्या, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. संध्याकाळी त्या देवापुढे दिवा लावायला बसल्या. रोजच्यासारखा हरिपाठ सुरू केला. पण डोळ्यांपुढे येत होते ते तांबे. बारा उंबऱ्यांशी बारा तांबे, वर वाट्या, आणि कुठल्या तरी आजीचा हात रोज सकाळी शिळं पाणी ओतून ताजं भरतोय, त्यांच्या नावाने. सही करून नाव मिळेल. पण त्या पाण्याचं काय?

दुसऱ्या दिवसापासून त्या निघाल्या. सुट्टीच्या दिवशी, अर्ध्या रजेच्या दिवशी, दिवाळीत भाऊबीजेचा दिवस सोडून. रिक्षा जाईल तिथवर रिक्षा, पुढे पायी. बरोबर वही, आणि गुळाची ढेप फोडून केलेल्या पुड्या, प्रत्येक घरी द्यायला.

पहिली हर्षलाची वाडी. दाराशी खरंच तांब्या होता. हर्षलाच्या आजीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आली व्हय गं येकदाची? बस. तवा येवढ्या उन्हाची चढून आलीस तर घामाचा टिपूस नव्हता तुला. आता सकाळच्या गारव्याची भिजलीस की गं."

शैलाताईंनी वाटी उचलली आणि तांब्या तोंडाला लावला. पाणी चांगलं होतं, गार, पण घोट खाली उतरताना त्यांना वाटलं की हे आपल्यासाठी नव्हतं. तरी त्यांनी पूर्ण प्यायलं. आजीने तांब्या उचलून लगेच घासायला घेतला. "सुटला बाई," म्हणाली, "आता दिवाळीचं उटणं कालवायला झाला."

मग शैलाताईंनी वही उघडून बारा प्रश्न विचारले, खरेखुरे, पहिल्यांदा. आणि त्यांना कळलं की यादी वाईट होती. पाण्याची जागा किती मीटरवर, असा त्यांचा प्रश्न. आजी म्हणाली, "मीटर-बिटर काय नाय ठावं. मधी हंडा उतरवावा लागत नाय, येवढं." त्यांनी मीटर खोडलं आणि हंडा लिहिलं. पाणी पिण्यायोग्य आहे का, यावर सगळी वाडी हसली. "मग काय बघायला ठेवलंय?" तोही प्रश्न गेला. कपाटात तोंड घालून जे त्या मुलांना शिकवत होत्या ते त्यांना तिथे, शेणाने सारवलेल्या ओट्यावर, कुणीतरी परत शिकवत होतं.

तेरावा प्रश्न त्यांनी कुठेच विचारला नाही. तरी उत्तरं येत राहिली. मालोजींच्या वाडीत पाणी पिऊन झाल्यावर एक बाई त्यांच्या मागे पार वेशीपर्यंत आली. म्हणाली, "त्या टायमाला बोलले नाय मी. माझी नणंद गेली त्या हिरीत. पाय घसरला म्हनतात. मी तिथंच व्हते, घसरला नव्हता." आणि परत फिरली. शैलाताईंनी ते लिहिलं नाही. वही पिशवीत घालून त्या रस्त्यापर्यंत मागे न बघता चालत आल्या. असं आणखी चार वाड्यांत झालं. जणू कुणीतरी आधीच विचारून ठेवलं होतं आणि लोक आता फक्त देणं फेडत होते.

अकरा तांबे झाले. एक गोष्ट मात्र शैलाताईंनी विष्णूरावांना सांगितली नाही. प्रत्येक पाण्यानंतर त्यांची तहान वाढत होती. आठव्या वाडीपासून तर तांब्या संपवूनही जीभ टाळ्याला चिकटायची.

वैकुंठ चतुर्दशीला त्या बाराव्या वाडीला गेल्या. समितीला तीन दिवस होते. पायवाट रेल्वेच्या रुळांपासून सुटून वर चढत जाते. दुपारचे बारा वाजले होते. खाली घाटात एक मालगाडी चढत होती, तिचा आवाज येत होता आणि मग एका वळणावर तोही आला नाही. झाडांत पाखरू नव्हतं. वाटेवरच्या धुळीत त्यांना चपलांचे ठसे दिसले, वर जाणारे. डाव्या चपलेची टाच एका बाजूने झिजलेली. शैलाताईंनी खाली आपल्या चपलेकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तशी झिजलेली चप्पल त्यांनी वैशाखातच टाकून नवी घेतली होती.

वर सहा-सात घरं. पहिल्याच घरापुढे भागी नावाची म्हातारी नाचणी निवडत बसली होती. दाराशी दगडावर तांब्या होता, पण उपडा. धुऊन वाळत घातलेला. वाटी शेजारी.

भागीने वर बघितलं आणि सुपातला हात थांबला.

"परत कशी गं? काल पिऊन गेलीस ना."

शैलाताई उभ्याच राहिल्या. "मी नव्हते आजी."

"नव्हतीस?" भागीने त्यांच्याकडे नीट बघितलं, डोळे बारीक करून. "नाय, नव्हतीस. तिला घाम नव्हता." मग जरा सरकून तिने जागा करून दिली. "बस. घाबरू नको, ती कुनाचं वाईट करायची नाय. लय तान्हेली व्हती. येका दमात तांब्या सपवलान. मी म्हनलं, दुसरा देऊ? म्हनली नको, दुसरा माझ्या नावाचा नाय."

"आणखी काय म्हणाली?"

भागीने नाचणीतला एक खडा काढून लांब टाकला.

"म्हनली, वैशाखाच्या उन्हात बारा वाड्या मी फिरले. आन अकरा ठिकानी माजं पानी दुसरीच कुनी प्याली."

शैलाताईंनी तिथे काही विचारलं नाही. गुळाची पुडी भागीच्या हातात दिली, पाया पडल्या आणि खाली उतरल्या. भागीने त्यांना पाणी विचारलं नाही.

सोमवारी समिती बसली. तिघं जण होते, पंखा सुरू होता, टेबलावर वेफर्सच्या बश्या. शैलाताईंनी फॉर्म पुढे घेतला. "बारा" खोडलं आणि वर "अकरा" लिहिलं. वैशाखातल्या तारखा खोडून कार्तिकातल्या घातल्या, काही आश्विन वद्यातल्या. मग उभं राहून सांगितलं, की उन्हाळ्यात त्या एकाही वाडीत गेल्या नव्हत्या, दवाखान्यातल्या स्टुलावर बसून लिहिलं होतं. आता जाऊन आल्या आहेत. यादीतले सात प्रश्न बदलले आहेत आणि चौथा धडा पहिल्यापासून पुन्हा करावा लागेल.

अध्यक्षांना पेचात पडल्यासारखं झालं. "अहो मॅडम, हे कोण तपासणार होतं?"

"मीच," शैलाताई म्हणाल्या.

"आणि बारावी वाडी? ती का नाही?"

"तिथे माझ्या आधी एक बाई जाऊन आल्या होत्या."

"कोण?"

शैलाताईंनी खाडाखोड केलेल्या फॉर्मवर सही केली आणि तो अध्यक्षांपुढे सरकवला.

धडे सगळ्या कॉलेजांत लागले नाहीत. यंदा नको, आणखी एक वर्ष तुमच्याकडेच चालवा, मग पाहू, असं पत्र आलं. पहिल्या पानावरच्या नावाचं पत्रात काहीच नव्हतं. शैलाताईंनी ते वाचून पोथीच्या खाली ठेवलं. चौथा धडा त्यांनी नव्याने केला, त्यात हंडा आहे. सहाव्या धड्यातलं ते वाक्यही परत रेकॉर्ड केलं. मुलं म्हणतात, त्या वाक्याआधी मॅडम जरा थांबतात, आणि कान देऊन ऐकलं तर कपाटातून दुसरा श्वास ऐकू येतो. मुलांचं काय, मुलं काहीही म्हणतात. विष्णूरावांनी मात्र ते अजून ऐकलेलं नाही. नको म्हणतात.

कर्जतच्या त्या घरी आता दाराशी, चपलांच्या रॅकच्या बाजूला, एक पितळी तांब्या असतो. वर वाटी. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं, की शैलाताई तो रिकामा करतात, घासतात आणि ताज्या पाण्याने भरतात. त्या तांब्याला घरात कुणी हात लावत नाही. विष्णूराव पेपर वाचायला बसतात ते त्याच्याकडे पाठ करून. एकदा गल्लीतल्या कुणी विचारलं, हे कुणासाठी? तेव्हा शैलाताई निरांजनाची वात सारखी करत होत्या. म्हणाल्या, "एका बाईचं अकरा ठिकाणचं पाणी माझ्याकडे आहे. येईल तेव्हा घेईल."

आजवर दहा वेळा तो तांब्या दुपारी रिकामा सापडला आहे. त्यांनी वहीत तिथी लिहून ठेवल्या आहेत. दर खेपेला त्यांची स्वतःची तहान थोडी कमी होते. आता एकच उरला आहे.

विष्णूराव विचारतात, "अकरावा झाला की?"

शैलाताई तांब्यावर वाटी नीट बसवतात. "झाला की मग ती आत येईल," म्हणतात, "नाहीतर कायमची जाईल. दोन्हीला माझी तयारी आहे."

आणि पदर खोचून कॉलेजला निघतात, पावणेदहाला, रोजच्यासारख्या.